२० बाइटची फाईल आणि बाईंच्या साईटचा बॅकअप

गेल्या वर्षी जुलैमध्ये एका शनिवारी सकाळी बाईंचा फोन आला. मी ऐरोलीला स्टेशनबाहेर भाजी घेत होते, धो धो पाऊस, एका हातात छत्री, दुसऱ्यात पिशवी आणि फोन खांद्यात दाबून धरलेला. "अगं आपली साईट बघ बरं जरा, नुसतं पांढरं दिसतंय, मला वाटलं माझ्याच फोनला काहीतरी झालंय." मी म्हटलं बाई घरी जाऊन बघते, होस्टिंगवाल्यांचं काहीतरी काम चालू असेल. घरी येऊन बघितलं तर साईटच नाही, कंट्रोल पॅनलही उघडेना, चॅटवर सपोर्टवाल्याला विचारलं तर म्हणे सर्व्हरची डिस्क गेली आहे, आम्ही बॅकअपवरून सगळ्यांच्या साईट परत आणतोय, संध्याकाळपर्यंत होईल. संध्याकाळी खरंच साईट परत आली आणि मला इतकं हायसं वाटलं, पण पुढच्याच क्षणी लक्षात आलं की होमपेजवर दिवाळी पहाटेचं पोस्टर आहे. जुलैमध्ये. त्यांच्याकडचा सगळ्यात ताजा बॅकअप नोव्हेंबरचा होता.

बाई म्हणजे माझ्या गाण्याच्या बाई, नौपाड्यात राहतात, ठाण्यातल्या तीन पिढ्या त्यांच्याकडे शिकल्यात. साईट मीच केली होती, साधी वर्डप्रेसची (साईट बनवायचं तयार सॉफ्टवेअर). आधी फक्त जुन्या कॅसेट डिजिटल करून टाकायच्या असं ठरलं होतं, मग बाईंनीच सुचवलं की वर्गातलं पण रेकॉर्ड करून टाकू, म्हणजे जो गैरहजर असेल त्याला घरी ऐकता येईल. त्यामुळे झालं असं की दर बुधवारी वर्गातला कोणीतरी फोनवर रेकॉर्ड करायचा, तिथूनच साईटवर चढवायचा, आणि फोनची जागा भरली की आपल्या फोनमधून उडवून टाकायचा कारण साईटवर आहेच की. म्हणजे सर्व्हरवरची कॉपी हीच एकुलती एक कॉपी होती आणि हे आमच्यापैकी कोणाच्याच डोक्यात कधी आलं नाही.

नोव्हेंबर ते जुलै या काळातली ४३ रेकॉर्डिंग होती. आम्ही सगळ्यांना ग्रुपवर मेसेज टाकला, लोकांनी जुने फोन शोधून काढले, व्हॉट्सॲपच्या फोल्डरमध्ये शोधलं, त्यातून १७ मिळाली. २६ गेली. त्यात डिसेंबर-जानेवारीचे सलग ६ बुधवार होते ज्यात बाईंनी यमनच्या ताना कशा बांधायच्या ते अगदी पायरी पायरीने सांगितलं होतं, स्वतः गाऊन. फेब्रुवारीत त्यांचं थायरॉईडचं ऑपरेशन झालं. आवाज आता बराच सुधारलाय पण वरचा सा पूर्वीसारखा लागत नाही, त्या स्वतःच म्हणतात. ते ६ बुधवार पुन्हा रेकॉर्ड करू असं मी म्हणूच शकले नाही त्यांना. त्यांनी मला एका शब्दाने बोल लावला नाही, उलट "असू दे गं, तुम्हाला शिकवलंय ना, तुमच्या गळ्यात आहे" असं म्हणाल्या, आणि मी त्या दिवशी ठरवलं की हे पुन्हा होऊ द्यायचं नाही.

होस्टिंगवाल्यांशी भांडून उपयोग नव्हता. त्यांच्या अटींमध्ये लिहिलेलंच होतं की बॅकअप आम्ही आमच्या परीने घेतो पण तुमच्या डेटाची जबाबदारी तुमची. मी ते साईट चालू करताना वाचलं नव्हतं. आता कुठलीही सेवा घेताना मी तेवढा भाग शोधून वाचते, आणि बहुतेक ठिकाणी हेच वाक्य वेगवेगळ्या शब्दांत असतं.

तसं म्हटलं तर बॅकअप मी घेत होते. पहिल्या वर्षी दर महिन्याच्या पहिल्या रविवारी फाईलझिला उघडून सगळं लॅपटॉपवर उतरवायचे, तीन तास लागायचे, ३ महिने केलं. मग एका महिन्यात मुलीची परीक्षा, पुढच्या महिन्यात सासूबाई आजारी, मग गणपती, आणि मग ते सुटलंच. आळस होता असं मला वाटत नाही. हाताने करायचं, कंटाळवाणं, आणि न केलं तरी त्या दिवशी काहीच बिघडत नाही असं काम माणसाकडून वर्षानुवर्षं होत नाही, ते मशीनलाच द्यायला हवं.

तर जुलैच्या शेवटी मी शेअर्ड होस्टिंग (एकाच सर्व्हरवर अनेकांच्या साईट) सोडून एक छोटा व्हीपीएस घेतला, म्हणजे भाड्याचा पण आपल्या एकट्याचा आभासी सर्व्हर, त्यावर उबंटू लिनक्स, ५० जीबी डिस्क. साईट सगळी मिळून १४ जीबी, त्यातला बहुतेक भाग एमपीथ्री. मी महापेला एका कंपनीत सपोर्टला आहे, लिनक्सशी रोजचा संबंध येतो पण सर्व्हर स्वतःचा असा कधी सांभाळला नव्हता. पहिली स्क्रिप्ट सरळ होती, सगळ्या फोल्डरचा टार करायचा, म्हणजे सगळं बांधून एकच फाईल, त्यावर तारीख घालायची आणि त्याच सर्व्हरवर बॅकअप नावाच्या फोल्डरमध्ये ठेवायचा. आमच्या नेटवर्क टीममध्ये एक दादा आहेत, वीस वर्षं याच कामात, त्यांना चहाच्या टपरीवर मोठ्या उत्साहाने सांगितलं तर ते म्हणाले, "म्हणजे घराची डुप्लिकेट चावी केलीस आणि त्याच पर्समध्ये ठेवलीस. पर्स गेली तर?" आणि पुढचं बोलायला नको, तिसऱ्याच दिवशी डिस्क भरली. एमपीथ्री आधीच दाबलेली फाईल असते, तिचा टार करून झिप केला तरी ती लहान होत नाही, त्यामुळे १४ जीबीच्या साईटचा टारही जवळपास १४ जीबीचाच, दोन राहिले, तिसऱ्याला जागा नाही. डिस्क भरली की डेटाबेसला लिहायला जागा मिळत नाही आणि साईट पडते, म्हणजे साईट वाचवायला केलेल्या कामानेच साईट पाडली.

दादांनी मग आरसिंक नावाच्या, फाईली एका मशीनवरून दुसऱ्यावर नेणाऱ्या प्रोग्रॅमकडे वळवलं. हे नाव मी ऐकून होते, वापरलं नव्हतं. १९९६ साली अँड्र्यू ट्रिजेल आणि पॉल मॅकेरस यांनी ते लिहिलं, आणि अजून जगभर तेच चालतंय. दोन्ही बाजूंच्या फाईली बघायच्या आणि जेवढं बदललंय तेवढंच पाठवायचं. आमच्या साईटसाठी तर हे जणू मापाने शिवलेलं, कारण एकदा चढवलेलं रेकॉर्डिंग परत कधी बदलत नाही, आठवड्याला एक-दोन नवीन फाईली येतात बस. पहिल्या रात्री सगळे १४ जीबी उतरले, दुसऱ्या रात्रीपासून काम मिनिटाभरात संपायला लागलं.

उतरवायचं कुठे, तर घरी. माझ्याकडे एक रास्पबेरी पाय, म्हणजे तळहाताएवढा कॉम्प्युटर, पडलेला होता, लॉकडाऊनमध्ये मुलीसाठी घेतलेला, त्याला १ टीबीची बाहेरची डिस्क लावली आणि राउटरशेजारी टीव्हीच्या कपाटात ठेवला. आता इथे एक गोष्ट मला दादांनी नीट समजावली आणि ती मला सगळ्यात महत्त्वाची वाटते, की सर्व्हरने घरी पाठवायचं नाही, घरच्या मशीनने सर्व्हरवरून ओढून घ्यायचं. कारण सर्व्हर हा उघड्यावर बसलेला असतो, वर्डप्रेसचं एखादं जुनं प्लगिन राहिलं की आत शिरणारे शिरतात, आणि सर्व्हरकडेच जर घरच्या डिस्कची चावी असेल तर शिरलेला माणूस साईट पण उडवेल आणि बॅकअप पण उडवेल. उलट घरच्या पायकडे सर्व्हरची चावी असली की सर्व्हरकडे घराची कुठलीच चावी नसते. ती चावी पण मी बांधून टाकली, आरसिंकबरोबरच आरआरसिंक नावाची एक छोटी स्क्रिप्ट येते, ती एसएसएचच्या (दुरून सर्व्हरमध्ये शिरायच्या सुरक्षित वाटेच्या) चावीला लावली की त्या चावीने ठरलेल्या फोल्डरमधून फक्त वाचता येतं, बाकी काही करता येत नाही. शिवाय आमच्या ब्रॉडबँडला बाहेरून आत येताच येत नाही, त्यामुळे घरातून बाहेर जाऊन ओढणं हेच सोपं पडलं.

फाईलींचं झालं, पण वर्डप्रेस म्हणजे नुसत्या फाईली नव्हेत. हे मला सांगावंसं वाटतं कारण बरेच जण इथेच फसतात. आमची रेकॉर्डिंग फोनवरून चढवलेली, त्यांची नावं काय, तर एयूडी, पुढे तारीख, पुढे डब्ल्यूए आणि एक आकडा. हा कुठला राग, कोण गातंय, बाईंनी त्या दिवशी काय सांगितलं, तबल्याला कोण होतं, हे सगळं डेटाबेसमध्ये. डेटाबेस गेला तर ४०० बिननावाच्या फाईली उरतील आणि बाईंना एकेक ऐकून ओळखत बसावं लागेल. आणि चालू डेटाबेसच्या फाईली तशाच उचलून चालत नाही, मधेच काहीतरी लिहिलं जात असतं, त्यामुळे मायएसक्यूएलडंप या प्रोग्रॅमने त्याचा डंप काढायचा, म्हणजे सगळ्या नोंदी एका फाईलीत लिहून घ्यायच्या, आणि सिंगल ट्रान्झॅक्शनचा पर्याय द्यायचा म्हणजे इनोडीबी प्रकारची टेबलं (डेटाबेसमधले तक्ते) लॉक न होता एका क्षणाचं एकसंध चित्र मिळतं. तर सर्व्हरवर रात्री २ वाजता डंप निघणार, जीझिपने दाबला जाणार, आणि ३ वाजता घरचा पाय येऊन डंप आणि फाईली दोन्ही घेऊन जाणार, असं क्रॉनमध्ये, म्हणजे ठरल्या वेळी कामं चालवणाऱ्या प्रोग्रॅममध्ये, लावलं. कमांडमध्ये तारखेसाठी टक्क्याचं चिन्ह होतं आणि क्रॉनमध्ये ते तसंच लिहिलं तर क्रॉन त्याची नवी ओळ समजतो, त्यात एक संध्याकाळ गेली. शेवटी सगळं स्क्रिप्टच्या फाईलीत टाकलं आणि क्रॉनमध्ये फक्त स्क्रिप्टचं नाव ठेवलं.

दोन दिवसांनी वर्गातली एक मुलगी म्हणाली, ताई सकाळी रियाजाच्या वेळी साईट खूप हळू चालते, साडेसातच्या सुमारास. मला आधी काही संबंधच लागेना. मग सर्व्हरवर वेळ बघितली तर घड्याळ यूटीसीचं, म्हणजे जागतिक प्रमाणवेळेचं. सर्व्हरचे रात्रीचे २ म्हणजे आपले सकाळचे साडेसात, बरोबर साडेपाच तासांचा फरक. ठाण्यात पोरं तानपुरा लावून बसली की माझी स्क्रिप्ट डंप काढायला उठत होती. टाइमझोन आशिया कोलकाता केला, क्रॉन रीस्टार्ट केला (हे विसरू नका, नाहीतर क्रॉन जुन्याच वेळेने चालत राहतो), आणि तक्रार थांबली.

आता सगळं लागलंय असं वाटून मी निवांत झाले. रोज सकाळी ऑफिसला निघताना घरच्या डिस्कवर नजर टाकायची, आजच्या तारखेची डंपची फाईल दिसली की झालं. रबाळे-महापे पट्ट्यात एवढी मोठमोठी डेटा सेंटर आहेत, रोज त्यांच्या भिंतींच्या बाजूने जाताना आता मला वाटायचं की आपलं पण एक छोटंसं कपाटात चालू आहे.

१५ ऑगस्टला सुट्टी होती. दादांनी मागे लागून लागून सांगितलं होतं की एकदा तरी परत उभं करून बघ, म्हणून दुपारी लॅपटॉपवर रिकामं वर्डप्रेस टाकलं आणि आदल्या रात्रीचा डंप त्यात भरायला घेतला. कमांड दिली, लगेच परत आली, काही एरर नाही. इतक्या पटकन? साईट उघडली तर रिकामी. मग टर्मिनलवर फोल्डरची यादी काढली, सगळ्या तारखा ओळीने, २७ जुलैपासून १४ ऑगस्टपर्यंत, एकही रात्र सुटलेली नाही, आणि प्रत्येक ओळीत साईजच्या जागी एकच आकडा. २०. २०. २०. १९ फाईली, प्रत्येकी २० बाइट.

मी पाणी प्यायले आणि परत बघितलं. २० बाइट म्हणजे काय, तर जीझिपला काहीच न देता दाबायला सांगितलं तर तो तेवढी फाईल बनवतो, नुसता वरचा मथळा आणि खालची बेरीज, मधे काही नाही. म्हणजे डंप निघतच नव्हता, जीझिप रोज रात्री इमानदारीने रिकामी पिशवी बांधून ठेवत होता आणि घरचा पाय ती पिशवी तितक्याच इमानदारीने घरी आणत होता. त्या १९ रात्रींत सर्व्हरची डिस्क गेली असती तर मी पुन्हा बाईंसमोर तशीच उभी राहिले असते, या विचाराने माझे हात गार पडले होते.

कारण शोधायला जास्त वेळ लागला नाही. मी स्क्रिप्ट माझ्या युजरने चालवून तपासली होती, डेटाबेसचा पासवर्ड माझ्या होम फोल्डरमधल्या एका लपलेल्या फाईलीत होता. क्रॉनमध्ये मात्र बॅकअपसाठी वेगळा युजर केला होता, शहाणपणाचंच होतं ते, पण त्याच्या होम फोल्डरमध्ये पासवर्डची फाईलच नव्हती. डेटाबेस रोज रात्री "परवानगी नाही" म्हणत होता. मग मला कळलं कसं नाही? तर क्रॉनला काही एरर आली की तो मेल करतो, आणि माझ्या सर्व्हरवर मेल पाठवणारं काही बसवलेलंच नव्हतं. सिसलॉगमध्ये, म्हणजे सर्व्हरच्या नोंदवहीत, रोज रात्री २ वाजताची ओळ सापडली, मेल पाठवायला काही नाही म्हणून आउटपुट टाकून देत आहे. रोज सांगत होता तो, ऐकायला कोणी नव्हतं. आणि स्क्रिप्ट स्वतः पण यशस्वी म्हणूनच संपत होती कारण पाइप लावलेल्या, म्हणजे एकीचं आउटपुट दुसरीला जोडलेल्या, दोन कमांडमध्ये शेल (कमांड चालवणारा प्रोग्रॅम) फक्त शेवटच्या कमांडचा निकाल बघतं, आणि शेवटचा जीझिप, त्याचं काम तर नीट झालं होतं.

दुसऱ्या दिवशी दादांना सांगितलं तर ते म्हणाले, "तुझं एकटीचं नाही हे," आणि गिटलॅब या, प्रोग्रॅमरांचा कोड सांभाळणाऱ्या कंपनीची गोष्ट सांगितली. ३१ जानेवारी २०१७ ला त्यांच्या इंजिनियरकडून चुकून चालू डेटाबेसचं फोल्डर उडालं, जवळपास ३०० जीबी, आणि मग बघायला गेले तर रोजचे डंप जागेवर नव्हतेच, डंप काढणारा प्रोग्रॅम चुकीच्या व्हर्जनचा असल्यामुळे रोज फेल होत होता. फेल झाल्याचे मेल पण जात होते, पण समोरचा मेलसर्व्हर ते मेल नाकारत होता, डीमार्कच्या (खोटे मेल ओळखायच्या) नियमात बसत नव्हते म्हणून. योगायोगाने ६ तासांपूर्वी काढलेली एक कॉपी होती तिच्यावर ते उभे राहिले. त्यांनी हे सगळं लपवून न ठेवता जगासमोर मांडलं याचं मला फार कौतुक वाटतं. मी ते त्या रात्री पूर्ण वाचलं, आणि मेलवर अवलंबून राहायचं नाही हे तिथेच पक्कं झालं.

मग स्क्रिप्ट परत लिहिली. सगळ्यात वर पाइपफेल, म्हणजे मधली कमांड पडली तरी पूर्ण ओळ पडली असं धरायचं. डंप झाल्यावर त्याची साईज बघायची, आमचा साधारण ४ एमबीचा होतो, ३ च्या खाली आला तर गडबड. आणि एक गोष्ट जी मला स्वतःला फार आवडते, मायएसक्यूएलडंप नीट संपला की फाईलीच्या अगदी शेवटच्या ओळीत "डंप पूर्ण झाला" असं इंग्रजीत स्वतःच लिहितो, तारखेसकट. डंप मधेच तुटला तर ती ओळ येत नाही. त्यामुळे स्क्रिप्ट आता शेवटची ओळ वाचते आणि ती असेल तरच पुढे जाते. हे सगळं पार पडलं की अगदी शेवटी ती हेल्थचेक्स नावाच्या सेवेच्या एका पत्त्यावर हाक मारते, आणि गंमत अशी की ती सेवा हाक आली तर गप्प बसते, ठरलेल्या वेळेत हाक आली नाही तर माझ्या फोनवर मेसेज टाकते. म्हणजे स्क्रिप्ट पडली, क्रॉन बंद झाला, सर्व्हरच बंद झाला, काहीही झालं तरी मला कळणार, कारण बिघडलेल्या मशीनने सांगायला हवं अशी अटच उरली नाही. घरच्या पायलाही अशीच वेगळी हाक लावली.

ती पहिल्यांदा कामी आली सप्टेंबरमध्ये. ऐरोलीला रात्री लाईट गेली, आली, पाय परत चालू झाला पण बाहेरची डिस्क जोडलीच गेली नाही. आरसिंकला काय, त्याला फोल्डर दिसलं, तो पायच्या छोट्या एसडी कार्डावरच सगळं उतरवायला लागला आणि कार्ड भरून अडकला. सकाळी फोनवर मेसेज. आता स्क्रिप्ट आधी तपासते की त्या जागी खरंच डिस्क जोडलेली आहे का, नसेल तर काही न करता थांबते. आणि डिस्कला पायमधून वीज पुरत नव्हती म्हणून वेगळ्या अडॅप्टरचा हब घेतला, तेव्हापासून हा त्रास नाही.

त्याच महिन्यात अजून एक झालं, वर्गातल्या एकाने साईटवर जागा साफ करतो म्हणून २०-२५ रेकॉर्डिंग डुप्लिकेट समजून उडवली. आता आरसिंकला आपण तिकडे जे नाही ते इकडे पण काढ असं सांगितलेलं असतं, म्हणजे त्या रात्री घरच्या कॉपीतूनही ती गेली असती. पण तोपर्यंत मी लिंकडेस्टचा पर्याय लावला होता, त्यात रोज रात्रीचं वेगळं फोल्डर बनतं, न बदललेल्या फाईली परत कॉपी न होता आदल्या दिवसाच्याच फाईलीला नुसता दुवा जोडला जातो, एका खोलीला अनेक दारं असावीत तसं. ३० दिवसांची ३० फोल्डर, प्रत्येक फोल्डर उघडलं तर पूर्ण साईट दिसते, आणि सगळ्यांची मिळून जागा १६ जीबीच्या आसपास. मंगळवारच्या फोल्डरमधून ती रेकॉर्डिंग परत चढवली, डेटाबेसमधल्या त्यांच्या नोंदी त्याच रात्रीच्या डंपमधून आणल्या, ज्याने उडवली होती त्याला मी नंतर सांगितलं.

तिसरी कॉपी बाहेर ठेवायचीच हे माझ्या मनात आधीपासून होतं आणि त्याला कारण आहे. २६ जुलै २००५ ला आम्ही कळव्याला राहायचो, काकांचा तळमजल्यावर फोटो स्टुडिओ होता. त्या दिवशी सांताक्रूझला २४ तासांत ९४४ मिलिमीटर पाऊस झाला, हे नंतर पेपरात वाचलं, आम्हाला फक्त पाणी चढताना दिसत होतं. काका व्यवस्थित माणूस, प्रत्येक लग्नाच्या निगेटिव्ह ठेवायचे आणि वर सीडी पण करून ठेवायचे. दोन्ही एकाच कपाटात, खालच्या कप्प्यात. पाणी ओसरल्यावर ते चिखलातून निगेटिव्ह काढून दोरीवर वाळत घालत होते ते मला अजून दिसतं. फोटोग्राफर पीटर क्रोग यांच्यामुळे प्रसिद्ध झालेला ३-२-१ चा नियम, ३ कॉपी, २ वेगळ्या प्रकारच्या साधनांवर, १ दुसऱ्या जागी, हा मी खूप नंतर वाचला पण काकांच्या स्टुडिओमुळे मला तो लगेच पटला. त्यामुळे घरचा पाय दर रविवारी रेस्टिक नावाचा बॅकअपचा प्रोग्रॅम वापरून सगळं क्लाउड स्टोरेजवर पाठवतो, कुलूप लावून, म्हणजे तिथल्या कंपनीलाही आत काय आहे ते दिसत नाही. रोजच्या ७, आठवड्याच्या ४ आणि महिन्याच्या ६ कॉपी ठेव असं सांगितलं होतं, नंतर रोजच्याचा काही अर्थ नाही म्हणून ते काढलं. बिल इतकं किरकोळ येतं की मी ते बघणं सोडून दिलंय.

फक्त रेस्टिकचा पासवर्ड हरवला तर डेटा गेला, कोणीही परत देऊ शकत नाही. तो मी कागदावर लिहून, पाकिटात घालून, एक पाकीट माझ्या लॉकरमध्ये आणि एक बाईंना दिलं. बाईंनी ते त्यांच्या कपाटात, जिथे तानपुऱ्याच्या जादा तारा ठेवतात त्या डब्यात ठेवलं. "ह्या डब्याला माझ्याशिवाय कोणी हात लावत नाही," म्हणाल्या.

परत उभं करून बघायचं काम आता दर तीन महिन्यांनी करते, पहिल्या रविवारी. पहिल्यांदा नीट केलं तेव्हा ३ तास ४० मिनिटं लागली कारण फाईली आणि डेटाबेस होता पण एनजिनएक्सची (साईट लोकांना दाखवणाऱ्या प्रोग्रॅमची) सेटिंग नव्हती, पीएचपीचं (वर्डप्रेस ज्या भाषेत लिहिलंय तिचं) कुठलं व्हर्जन ते आठवत नव्हतं, आणि स्वतः क्रॉनची यादी पण बॅकअपमध्ये नव्हती. ते सगळं आता बॅकअपमध्ये जातं आणि एका वहीत पायऱ्या लिहिल्यात, दुसऱ्या वेळी ५० मिनिटं लागली.

या जुलैची तालीम मी मुद्दाम बाईंच्या घरी केली. पहाटे ऐरोलीहून लोकल पकडून ठाण्याला, तिथून चालत नौपाड्यात, बाईंनी पोहे केले होते. तात्पुरता एक व्हीपीएस घेतला आणि क्लाउडवरच्या कॉपीवरून अख्खी साईट उभी करायला घेतली, घरच्या डिस्कला हात न लावता, म्हणजे घर पाण्याखाली गेलंय असं धरून. बाई शेजारी बसून काळ्या पडद्यावरची अक्षरं बघत होत्या. साईट उघडली, याद्या बरोबर, रागांची नावं बरोबर. मी म्हटलं बाई, झालं. त्या म्हणाल्या, "असं कसं झालं? ऐकव की." मी कुठलंही एक लावलं, भूपाचं निघालं, एका कॅसेटवरून घेतलेलं, मागे कुकरची शिट्टी पण ऐकू येते त्यात. दोन मिनिटांनी मी बंद करायला गेले तर त्यांनी माझा हात धरला. "शेवटपर्यंत चालू दे. शेवट आहे का ते बघायचंय ना." मी त्यांना डंपच्या शेवटच्या ओळीबद्दल कधीच काही सांगितलं नव्हतं.

२६ मिनिटं आम्ही दोघी बसून ऐकलं. शेवटी तिहाई येऊन समेवर पडली, मागून कोणीतरी "व्वा" म्हणालं आणि टेप बंद केल्याचा खट्ट आवाज आला. "हे आमचे हे," बाई म्हणाल्या, त्यांचे मिस्टर जाऊन आता १२ वर्षं झाली. मग उठून त्यांनी स्वयंपाकघरातलं कालनिर्णय आणलं, ऑक्टोबरचं पान उलटलं आणि पहिल्या रविवारच्या चौकटीत पेन्सिलने लिहिलं, साईट, १० वाजता, यमन ऐकायचा.